काजू, कोरगुट आणि परतीची वाट

गेल्या काजूच्या हंगामात गोव्यात, आमच्या भागातल्या एका शेतकरी मेळाव्याला गेलो होतो. मांडवात उकाडा, जवळच्या कुठल्याशा भाटीवरून येणारा हुराकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, वास आणि व्यासपीठावर दोन वक्ते. पहिले म्हणाले, भाताला कवटाळून बसायचे दिवस गेले. जगाला हवे ते पिकवा, डॉलर कमवा, तांदूळ काय, दुकानात मिळतोच. दुसऱ्यांनी माईक हातात घेताच आवाज चढवला. निर्यातीचे पीक म्हणजे आपल्या ताटातला घास काढून परक्याच्या ताटात वाढणे, आफ्रिकेकडे बघा, काय झाले तिथे! टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. बोंडूच्या रसाने काळवंडलेली बोटे, डोक्यावर टॉवेल. त्यांनी विचारले, "सगळें खरें, पूण बियेचो दर कोण थारायता?" काजूबीचा दर कोण ठरवतो? व्यासपीठावर कोणीतरी हसले, सूत्रसंचालकाने वेळेची आठवण करून दिली आणि चहा आला.

बाईंना उत्तर मिळाले नाही. मला तेव्हापासून वाटते आहे की त्या दोन भाषणांपेक्षा तो एक प्रश्न जास्त शहाणा होता.

हा वाद काही आमच्या मांडवातच जन्मला नाही. गरीब देशांनी कॉफी, कोको, कापूस, काजू पिकवून विकावे की आपल्या माणसांपुरते धान्य आधी पिकवावे, यावर जगभर कित्येक वर्षे भांडण चालू आहे आणि बहुतेक वेळा ते असेच भांडले जाते: एकाने व्यापाराचे पाठ्यपुस्तक उघडायचे, दुसऱ्याने वसाहतींचा इतिहास. माझे मत आधीच सांगून टाकतो. पीक विकायचे आहे की खायचे, एवढ्यावरून भूक ठरत नाही. ते पीक उद्या अंगाशी आले तर त्याच शेतकऱ्याला, आपल्या मर्जीने, पुन्हा अन्नाकडे वळता येईल का, यावर ती ठरते. परतीची वाट उघडी असेल तर काजू काय नि गुलाब काय, खुशाल लावा. ती बुजली असेल तर शेतात सोने पिकले तरी मला धास्ती वाटेल.

डॉलरवाल्या वक्त्यांची बाजू आधी घेतो, कारण आम्हा लिहिणाऱ्या मंडळींत तिची टिंगल करण्याची रीत पडली आहे. आमच्या आजोबांच्या काळातही गोव्याला लागणारा सगळा तांदूळ गोव्यात पिकत नव्हता. पोर्तुगीज अमदानीत तो ब्रह्मदेशातून यायचा. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ती वाट बंद झाली. १९५५ च्या सुमारास भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ आणि भाजीपाला पाकिस्तानातून आणवला. हॉलंडच्या त्या बटाट्याची गोष्ट आमच्या घरात कितीतरी वर्षे चवीने सांगितली जाई. हे परवडले कशामुळे? त्याच वर्षांत मुरगाव बंदरातून लोहखनिज जहाजे भरभरून परदेशी, विशेषतः जपानला, जाऊ लागले होते. बाहेर काही विकले जात होते म्हणून बाहेरून काही आणता येत होते. २०२२ मध्ये श्रीलंकेत याच्या उलट घडलेले आपण पाहिले. डॉलर संपले आणि कोलंबो बंदरात येऊन पडलेले अन्नाचे कंटेनरसुद्धा सोडवून घेता येईनात. सिंगापूरला शेती जवळजवळ नाहीच. तिथे कोणी उपाशी झोपल्याचे ऐकले नाही. शिवाय गोवा हा काही वेगळा देश नाही. रेशन दुकानात येणारा तांदूळ अन्न महामंडळाच्या गोदामातून येतो आणि तो कुठल्या राज्यात पिकला हे विचारायची गरज आपल्याला कधी पडत नाही.

एक गोष्ट आणखी त्यांच्या बाजूने. भात लावणारा माणूस भातावर श्रीमंत झाल्याचे मी अजून पाहिलेले नाही. लावणीला गुडघाभर चिखलात वाकायचे, कापणीला परतीच्या पावसाची धास्ती घ्यायची आणि हिशेब मांडला की मजुरीच जेमतेम सुटायची. अशा माणसाला शहरात बसून 'भात हीच आपली संस्कृती' असे सांगणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. संस्कृती ज्याला हवी त्याने तिची मजुरी द्यावी.

आणि 'अन्नाचे पीक' ही पाटी तरी कितपत खरी? पंजाबचा शेतकरी पोळी खातो आणि भात पिकवतो. तो भात केंद्राच्या साठ्यात जातो, त्याच्यापुरते ते विकायचेच पीक. आणि त्यासाठी जमिनीखालचे पाणी दर वर्षी आणखी खोल जाते. भारत हा जगातला सर्वांत मोठा तांदूळ निर्यातदार. २०२२ साली दोन कोटी टनांहून अधिक तांदूळ आपण बाहेर पाठवला. त्याच्या आगेमागे झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ च्या, पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली निघाली. कोठार भरलेले आणि पोरे खुरटलेली. भात पिकवला की भूक मिटते असे म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

मग बाजारावर भरवसा टाकून मोकळे व्हावे? इथे दुसरे वक्ते आठवतात, आणि त्यांचाही सर्वांत भक्कम मुद्दा घेतो. बाजारात तांदूळ मिळतो, हे जेव्हा मिळतो तेव्हाच खरे. २००८ च्या सुरुवातीला टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ मे महिन्यात हजाराच्या घरात पोचला. पीक बुडाले नव्हते. भारताने, व्हिएतनामने निर्यात रोखली, फिलिपिन्ससारखे घेणारे घाबरून मिळेल त्या भावाने उचलू लागले आणि हैतीत लोक रस्त्यावर उतरून पंतप्रधानाला घरी बसावे लागले. ज्या हैतीने १९९५ मध्ये तांदळावरची जकात तीन टक्क्यांवर आणून आपला भात अमेरिकी तांदळापुढे उघडा टाकला होता, तोच हा हैती. २० जुलै २०२३ ला आपण पुन्हा बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. ती बंदी उठायला पुढच्या वर्षाचा सप्टेंबर उजाडला. विनंती करणाऱ्या काही देशांना मधल्या काळात कोटा दिला, म्हणजे तांदूळ हा सौदा राहिला नाही, मेहरबानी झाली. आपल्या सरकारला दोष द्यावा तर कसा? महागाईच्या वर्षी कुठलेही सरकार आधी आपल्या मतदाराचे ताट बघणार. पण मग खरेदीच्या भरवशावर भात सोडून बसलेल्याने काय करायचे?

आम्हाला याची चव मार्च २०२० मध्ये चाखायला मिळाली. पहिल्या टाळेबंदीचे ते दिवस गोव्यात इतके कडक होते की सुरुवातीला किराणा दुकानेही बंद. बेळगावची भाजी आली नाही, दूध आले नाही. माझ्या बँकेच्या खात्यात पैसे होते, पण त्यांची भाजी होत नाही हे मला त्या आठवड्यात कळले. चौथ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी पिशवीभर उकडा तांदूळ आणून दिला. त्यांच्या शेतातले सरदाचे, म्हणजे पावसाळी, भात, घरीच उकडून ठेवलेले. आम्ही सकाळ-संध्याकाळ पेज आणि कैरीची मिसकूट खाल्ली आणि मला कोणी त्या वेळी 'स्वस्तात जमते ते पिकवा, बाकीचे विकत घ्या' हा तौलनिक लाभाचा सिद्धान्त समजावून सांगितला असता तर मी त्याला मिसकुटीची बरणी दाखवली असती.

तेव्हा दोन्ही वक्त्यांचे अर्धे-अर्धे खरे. पण दोन अर्धी सत्ये शेजारी ठेवून मधला मार्ग काढायचा आणि 'समतोल हवा' म्हणून उठायचे, हे मला पटत नाही. समतोल म्हणजे नक्की काय, अर्ध्या शेतात काजू नि अर्ध्या शेतात भात? इतिहासात निर्यातपिकांनी माणसे मारली ती नेमकी कशी मारली, ते आधी पाहू या.

ज्या सालाझारने गोव्याला हॉलंडचे बटाटे खाऊ घातले, त्याच्याच राजवटीने १९३८ पासून मोझांबिकमध्ये कापूस सक्तीचा केला. भाव सरकार ठरवी, कापूस नेमून दिलेल्या कंपनीलाच घालावा लागे आणि तो पोर्तुगालच्या गिरण्यांत जाई. कापसाची खुरपणी आणि ज्वारी-मक्याची खुरपणी एकाच वेळी येते. अधिकाऱ्याची छडी कापसाच्या बाजूने उभी असे. घरोघर धान्य कमी पडले, लोक उपाशी राहिले, गावे सोडून पळाले. ही सक्ती १९६१ मध्ये उठली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी. चंपारणची तीनकठिया आपल्याला शाळेपासून पाठ आहे: विसातल्या तीन कठ्ठ्यांवर नीळ लावलीच पाहिजे. दोन्हीकडे मारणारी गोष्ट कापूस किंवा नीळ नव्हती. 'नाही लावत' म्हणायची सोय नव्हती, ती.

आयर्लंडचे उदाहरण तर दर वेळी दिले जाते आणि दर वेळी अर्धेच दिले जाते. १८४५ ला बटाट्यावर रोग पडला, पुढच्या काही वर्षांत दहा लाख माणसे मेली, आणि त्याच काळात बंदरांतून धान्य नि लोणी इंग्लंडला जात होते. खरेच आहे. पण १८४७ साली आयर्लंडमध्ये बाहेरून आलेले धान्य बाहेर गेलेल्या धान्याहून जास्त होते, हेही तितकेच खरे. तरी लोक मेले, कारण धान्य विकत घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हते. कुळाच्या जमिनीतले गहू-ओट खंडापोटी जमीनदाराकडे जायचे आणि कुळाच्या पोटाला एका तुकड्यावरचा बटाटा उरायचा. तो एकच तुकडा, त्यात एकच पीक. बटाटा सडल्यावर मागे फिरायला दुसरी जमीनच नव्हती. अमर्त्य सेनांनी पुढे १९४३ च्या बंगालबद्दल जे दाखवून दिले ते याच जातीचे आहे: बाजारात तांदूळ असताना तो मिळवण्याचा हक्क ज्यांच्या हातून गेला, ते मेले.

सक्ती नसेल तर? छडी नाही, जमीनदार नाही, शेतकरी आपखुशीने विकायचे पीक लावतो आहे, तर मग धोका संपला? इथेच मला गिनी-बिसाऊबद्दल सविस्तर लिहायचे आहे, कारण हा देश आमच्या इतका जवळचा असून त्याचे नाव आमच्या चर्चांत कधी येत नाही.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा छोटा देश आमच्यासारखाच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. १९७३ मध्ये त्याने स्वातंत्र्य जाहीर केले. तिथल्या खाड्यांच्या काठाने बालांता लोकांनी चिखलाचे बांध घातले, भरतीचे खारे पाणी बाहेर अडवले, पावसाने जमिनीतले मीठ धुऊन निघाले की आत भात लावायचा अशी रीत बसवली. या शेतांना तिथे बोलान्या म्हणतात. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीत, वावरलेल्या माणसाला तिथे नेऊन उभे केले तर आमच्या दिवाडी बेटावर आलो की चोडण बेटावर, एवढाच त्याला प्रश्न पडेल. आमच्याकडे भरती-ओहोटीबरोबर आपोआप मिटणाऱ्या-उघडणाऱ्या मानशीच्या लाकडी फळ्या. त्यांच्याकडे बांधातून आरपार घातलेले, आतून पोखरलेले ओंडके. काम तेच. त्यांच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता अमिल्कार काब्राल व्यवसायाने कृषितज्ज्ञ होता. १९५३ ला त्याने सगळ्या वसाहतीची शेतीगणना केली होती आणि एकट्या भुईमुगाच्या मागे लागण्यातला धोका त्याने तेव्हाच लिहून ठेवला होता. त्याचा १९७३ च्या जानेवारीत खून झाला. भुईमूग मागे पडला. त्याच्या जागी काजू आला.

काजू कोणी लादला नाही. मुक्तियुद्धाच्या वर्षांत माणसे पांगली, बांध फुटले, खारे पाणी आत शिरले. ऐंशीच्या दशकात सरकारने आणि व्यापाऱ्यांनी काजूला उत्तेजन दिले तेव्हा शेतकऱ्याने सरळ हिशेब केला. बांधाला दर वर्षी अख्ख्या गावाचे हात लागतात. काजूला लावल्यावर तीन-चार वर्षे धीर लागतो आणि मग हंगामात बी वेचायला बायका-पोरे पुरतात. मी त्याच्या जागी असतो तर हेच केले असते. गावातली तरणी पोरे राजधानीकडे निघून गेल्यावर बांधावर चिखल चढवणार कोण? आज त्या देशाच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या काजूचा आहे, तोही कच्च्या बियेचा, आणि ती बहुतेक भारतात नि व्हिएतनामात येते. तांदूळ आशियातून जहाजाने जातो. व्यापारी गावात तांदळाची पोती घेऊन येतो आणि काजूच्या बदल्यात घालतो. बऱ्या वर्षी किलोला किलो. भाव पडला की एका किलो तांदळाला दोन, कधी तीन किलो बी. हंगामाच्या तोंडावर घरात दाणा नसलेला माणूस घासाघीस काय करणार?

काजूने भात मारला असे म्हणायला इथे जीभ वळवळते. पण झाडे बहुतेक वरच्या कोरड्या जमिनीवर आहेत आणि भात खाली खाडीकाठी होता. जमिनीसाठी त्यांचे भांडण नव्हतेच. बांध पडला तिथे वाट बुजली. काजूचा भाव चांगला होता त्या वर्षांत त्यातले चार पैसे बांधावर गेले असते तर वाईट वर्षी शेतकरी व्यापाऱ्याला म्हणू शकला असता, ने तुझी पोती परत. हे वाक्य म्हणता येणे हीच माझ्या लेखी अन्नसुरक्षा.

भावाचे बोललोच आहे तर मोझांबिकच्या काजूचेही ऐका. कधी काळी जगात सर्वाधिक काजू पिकवणाऱ्या या देशाला नव्वदच्या दशकात जागतिक बँकेने कर्जाच्या अटींत सांगितले की कच्च्या बियेच्या निर्यातीवरचे निर्बंध आणि कर उतरवा, म्हणजे बी मोकळेपणाने बाहेर जाईल आणि शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कागदावर बिनतोड. प्रत्यक्षात काजू फोडणारे कारखाने बंद पडले, हजारो कामगार, त्यांत कितीतरी बायका, घरी बसले. पुढे अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब काढला तेव्हा सरासरी काजू उत्पादक कुटुंबाचा फायदा वर्षाला पाच-साडेपाच डॉलरहून अधिक निघाला नाही. मधला पैसा मधल्यांनी खाल्ला. आणि बी कुठे आली? आपल्याकडे, भारतातल्या कारखान्यांत.

मेळाव्यातल्या बाईंना द्यायचे उत्तर हे होते. बाई, तुमच्या बियेचा दर आपल्या वाळपईच्या बाजारात ठरत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या आबिजान आणि बिसाऊच्या बंदरांत जहाजे भरतात तेव्हा तो अर्धाअधिक ठरलेला असतो. गोव्यातल्या कारखान्यांना इथली बी वर्षभर पुरत नाही, ते आफ्रिकेची आणतात, आणि ती स्वस्त पडली की तुमच्या बियेला कोणी विचारत नाही. म्हणून तर सरकारला आधारभाव द्यावा लागतो, म्हणून तो २०२३ मध्ये किलोला १२५ वरून १५० रुपये करावा लागला. तिकडे बिसाऊचा शेतकरी पोत्याला कमी तांदूळ मिळाला म्हणून कपाळाला हात लावून बसलेला, इकडे तुम्ही त्याच्या स्वस्ताईने. दोघेही विकतचा भात खाता. आणि आपण त्याची बी कच्ची घ्यायची, फोडायची, खारवून डब्यात भरायची, वर महागाई झाली की त्याच्या तांदळाचे जहाज अडवायचे, याला व्यापार म्हणायला मला जड जाते.

आता गोव्याचे. क्षेत्राच्या हिशेबाने काजू हे आमचे सर्वांत मोठे पीक, पंचावन्न हजार हेक्टरांच्या आसपास. भात त्याच्या पुष्कळ मागे. यावरून कोणी काजूला खलनायक ठरवत असेल तर त्याने एकदा सत्तरी तालुक्यातला डोंगर चढून खाली बघावे. काजू उतारावर उभा आहे, दगडगोट्यांत, जिथे भात कधी लागला नसता. कबूल करायचे तर एवढे करीन की त्या उतारांवर पूर्वी कुमेरीची, म्हणजे रान तोडून-जाळून केलेल्या शेतीची, नाचणी-वरी व्हायची आणि ती गेली. डोंगरातल्या गरिबाचे पावसाळ्यातले अन्न तिच्याबरोबर गेले. त्याची भरपाई रेशनच्या पांढऱ्या तांदळाने झाली असे मी म्हणणार नाही. पण खालच्या मळ्यातला, खेरातला, खाजनातला भात काजूने हलवलेला नाही.

तो कोणी हलवला ते पाहायला रायबंदरहून फेरीबोट धरून चोडणला चला. माझी मावशी तिथे राहते. तिच्या घरामागून पायवाटेने गेले की खाजन लागते. निदान लागायचे. लहानपणी मी तिथे ऑगस्टात कमरेएवढे कोरगुट पाहिले आहे, खाऱ्या पाण्याला न भिणारे भात, तांबूस दाण्याचे. आज बांधाला पंधरा-वीस पावले रुंदीचे भगदाड आहे. भरतीला पाणी सरळ आत येते आणि शेतात खारफुटीची रोपे डोक्याएवढी झाली आहेत. बगळे मजेत आहेत, पर्यटक फोटो काढतात. मावशी म्हणते, "हांगा आमगेलें वीस कुडवांचें शेत आशिल्लें," आणि हाताने पाण्यात एक चौकोन काढून दाखवते.

गोव्याच्या नद्यांकाठी अशी खाजने साधारण अठरा हजार हेक्टर. बांध सांभाळायचे काम गांवकारीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेचे. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, ती व्यवस्था लिहून घेतली, मोडली नाही. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती आली, कसेल त्याची जमीन झाली. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे, आमच्या घराण्याचे त्यात नुकसान झाले असले तरी. पण जमीन कुळाची झाली आणि बांध कुळांच्या संघटनांकडे गेला तेव्हा त्यासोबत जायला हवा होता तो पैसा आणि तो दरारा गेला नाही. मानशीतल्या मासळीचा लिलाव मात्र दर वर्षी होतो. लिलाव घेणाऱ्याला आत खारे पाणी जितके जास्त तितकी कोळंबी जास्त. फळी उघडी राहिली तर कोणाचे बिघडते? भाताचे. बांध रात्रीत फुटला तर कोणी फोडला याचा तपास लागल्याचे मी ऐकलेले नाही.

म्हणजे निर्यातीचा माल आणि निर्यातीचा माल यांतही फरक आहे. नव्वदच्या दशकात देशभरच्या किनाऱ्यांवर कोळंबीच्या तळ्यांचे वारे सुटले तेव्हा डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातल्या औद्योगिक कोळंबीशेतीवर बडगा उगारावा लागला. बांगलादेशात खुलना भागातल्या करुणामयी सरदार या बाई तर १९९० ला शेतात खारे पाणी सोडण्याला विरोध करताना मारल्या गेल्या. खाऱ्या पाण्याने भिजलेली जमीन एका पावसाने गोड होत नाही. खनिजाचेही तेच. नाकेबंदीत आमची चूल पेटवणाऱ्या त्या लोहखनिजाची माती डिचोली-सांगेच्या शेतांत उतरली. २०१२ साली खाणी थांबल्या, डॉलर थांबले, माती राहिली. आणि भाताच्या शेतात उभा राहिलेला बंगला? काजूचे झाड तोडता येते, बंगल्याखालचा मळा पुन्हा कधी कोणी नांगरला आहे? परतीची वाट ठेवणारे पीक आणि ती कायमची बुजवणारा व्यवहार, यांना 'निर्यात' नावाच्या एकाच टोपलीत टाकून टाळ्या मिळवणे सोपे आहे.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो वाजवी आहे. परतीची वाट, परतीची वाट म्हणता, पण तिच्यावरून कोणी परतणारच नसेल तर ती राखायची कशाला? भात कोणी लावणार नसेल तर बांध कशाला? माझे उत्तर असे की अग्निशामक दलाचा बंब आपण रोज आग लागत नाही म्हणून विकून टाकत नाही. व्हिएतनामकडे पाहा. कॉफी, मिरी, काजू, सगळ्यांत तो जगाच्या पहिल्या रांगेत. आफ्रिकेची काजूबी फोडण्यात त्याने आपल्याला मागे टाकले. १९८६ नंतर त्याने शेती बाजाराला मोकळी केली आणि १९८९ पासून तांदूळ विकू लागला. पण याच देशाने पस्तीस लाख हेक्टरांहून अधिक भातजमीन राखून ठेवायची असे सरकारी धोरणात लिहिले. बाजारावर भरवसाही ठेवला आणि मागचे दारही. शेतकऱ्याला त्याचा काच होतो, भातजमिनीवर दुसरे काही करता येत नाही अशी तक्रार तिथेही आहे, आणि ती खरी आहे. म्हणून तर राखणीचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारू नये असे माझे म्हणणे आहे.

आमच्याकडे २०२३ ला कायदा झाला की जमीन-नोंदीच्या नमुना एक व चौदावर भातशेती म्हणून नोंदलेली जमीन बिगर-शेतकऱ्याला विकता येणार नाही. चांगले झाले. पण विक्रीबंदीने भगदाड बुजत नाही. रस्ता खचला की सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसे येतात, 'या रस्त्यावरून रोज किती गाड्या जातात' असे विचारत नाहीत. खाजनाचा बांध हा तसाच सार्वजनिक मालमत्तेत धरावा, त्याच्या देखभालीचा पैसा दर वर्षीच्या अंदाजपत्रकात असावा आणि मानशीचा लिलाव ज्याच्या हातात, फळीची चावी त्याच्या हातात नसावी. काजूवाल्याला आधारभाव देता तसा बांध सांभाळणाऱ्यालाही मोबदला द्या, त्या वर्षी त्याने भात लावो अगर न लावो. इतके झाले तर सत्तरी तालुक्यातल्या त्या बाईंनी डोंगरावर काजू आणखी लावावा, जगाला विकावा, माझी काही हरकत नाही. बियेचा भाव पडला त्या वर्षी निदान शेजारच्या तालुक्यात भात असेल.

मावशीकडे गेल्या खेपेला गेलो तेव्हा तिने कोठीच्या खोलीतून एक मडके आणून दाखवले. आत कोरगुटाचे बी. घरामागे चार पावलांचा एक तुकडा आहे, तिथे ती दर पावसाला मूठभर पेरते, कापते, पुन्हा मडक्यात भरते. खायला नाही, बी मरू नये म्हणून. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात, तरी हे चुकत नाही. बांध या वर्षी बांधून झाला तरी शेतातले मीठ उतरायला दोन-तीन पावसाळे जातील आणि त्यानंतर वीस कुडवांच्या शेताला वीस कुडव, म्हणजे कित्येक पायल्या, बी लागेल. मडक्यात आज दोन पायल्या आहेत.